‘शीर तुटलेली नाही’

बाई तपासणीच्या खोलीत आल्या आणि दाराशी चपला काढून ठेवल्या. माझं लक्ष आधी त्या चपलांकडेच गेलं. साध्या रबरी, अंगठ्याच्या चपला. नागपंचमीला बाजारातून घेतलेल्या, म्हणजे जेमतेम दीड महिन्याच्या. उजवीचा तळ अजून नवा वाटावा असा. डावीच्या टाचेवरची नक्षी मात्र साफ गेलेली, मागची कड तिरपी झिजलेली आणि खालचा पांढरा थर दिसायला लागलेला. त्याच चपलेच्या चवड्याखाली दुकानातली नक्षी जशीच्या तशी होती. पाय टाचेवर टेकत होता आणि टाचेवरूनच उचलला जात होता. चवड्यावर भार येतच नव्हता.

वय ४८, सोलापूर जिल्ह्यातलं गाव, धंदा कडक भाकरीचा. (ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत, पायाचे तसेच ठेवले आहेत.) गुडघे दुखायला लागल्यावर खाली बसून थापणं सुटलं, तेव्हा मुलाने उभा ओटा करून दिला. त्या ओट्यापाशी दिवसातले सहा-सात तास उभं राहायचं आणि दीडएकशे भाकऱ्या उतरवायच्या. आठ वर्षांपासून मधुमेह. गोळ्या चालू, पण लेकीच्या म्हणण्याप्रमाणे ‘सणावाराला विसरतात’. तक्रार त्यांनी स्वतःच मोजक्या शब्दांत सांगितली. पायात जोर नाही. उतारावर तोल पुढे जातो. एसटीची पायरी चढताना मागचा पाय रेटा देत नाही, कंडक्टरला हात द्यावा लागतो. दुखत नाही फारसं.

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. दुखत असतं तर त्या आधी आल्या असत्या.

झालं होतं ते असं. आषाढीच्या आधीचा आठवडा, पहाटेची वेळ, वीज गेलेली. घरच्या संडासाच्या पॅनची कड कधीतरी बादली आपटून फुटली होती, टवका उडाला होता. ओल्या पायठेवणीवरून डावा पाय घसरला, टाच पॅनमध्ये गेली, अंगाचं वजन मागे आलं आणि ती फुटकी कड घोट्याच्या वर, मागच्या बाजूला घुसली. घाबरून पाय ओढून काढला, त्यात जखम आणखी फाकली. कमी पाण्यात स्वच्छ व्हावा म्हणून गावाकडच्या पॅनला उतार जास्त ठेवलेला असतो. पाणी वाचतं हे खरं, पण घसरलेली टाच त्या उतारावर थांबत नाही. चिनी मातीची फुटलेली कड काचेसारखी धारदार असते. आपल्याकडच्या हाडांच्या डॉक्टरांना ही जखम चांगली ओळखीची आहे. परदेशी पाठ्यपुस्तकांत टाचेची कंडरा, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी बांधणारी जाड दोरी, तुटते ती बहुतेक टेनिस किंवा बास्केटबॉल खेळताना. आपल्याकडे ती संडासातही कापली जाते.

तालुक्याच्या एका दवाखान्यात सकाळी सात टाके पडले. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, प्रतिजैविकं दिली गेली, आणि बाईंना धीर देणारं एक वाक्य सांगण्यात आलं, ‘शीर तुटलेली नाही, काळजी करू नका.’ दहा दिवसांनी टाके निघाले. जखम छान भरली. पायात जोर का नाही, हे विचारायला त्या दोनदा गेल्या. दोन्ही वेळा ‘अशक्तपणा आहे, चालत राहा, येईल’ असं उत्तर मिळालं. गणपती गेले आणि लेक त्यांना माझ्याकडे घेऊन आली. तोवर अकरा आठवडे झाले होते.

त्या ‘शीर’ शब्दापाशी मला थोडं थांबायचं आहे. मराठीत आपण रक्तवाहिनीला शीर म्हणतो, मज्जातंतूलाही शीर म्हणतो (‘शीर दबली’, ‘शीर आखडली’) आणि स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीलाही शीर म्हणतो. ‘नस’चंही तेच. पुस्तकात तिन्हींना वेगळे शब्द आहेत. तिसरीला कंडरा म्हणतात, पण दवाखान्यात हा शब्द कुणी उच्चारत नाही. डॉक्टर टेंडन म्हणतात आणि पेशंट शीर म्हणतो. त्या सकाळी डॉक्टरांनी बहुधा पाहिलं ते एवढंच, की रक्त उसळत नाही, म्हणजे मोठी रक्तवाहिनी शाबूत आहे; बोटांना स्पर्श कळतो, म्हणजे मज्जातंतूही शाबूत आहे. दोन शिरा तपासल्या आणि तिसरी राहून गेली. बाईंनी मात्र ऐकलं ते ‘शीर तुटलेली नाही’, म्हणजे काहीच तुटलेलं नाही. त्या भरवशावर त्या अकरा आठवडे चालल्या.

आणि चालता येत होतं, हाच खरा घोटाळा होता. मी त्यांना पलंगावर पाय लोंबते सोडून बसवलं आणि पाऊल खाली दाबायला सांगितलं. त्यांनी दाबलं, अगदी सहज. शेजारी उभ्या असलेल्या लेकीचा चेहरा खुलला. ‘बघा, हलतंय की!’ पाऊल खाली दाबणारी टाचेची कंडरा एकटी नसते. आतल्या घोट्यामागून तीन कंडरा जातात, बाहेरच्या घोट्यामागून दोन. मोठी दोरी तुटली तरी या पाच जणी मिळून पाऊल हवेत खाली नेतात. पण त्या घोट्याच्या सांध्याला अगदी चिकटून जातात. हापशाचा दांडा टोकाला धरला तर लहान पोरही पाणी काढतं. तोच दांडा खिळीजवळ धरला तर पैलवानाचीही दमछाक होते. टाचेची कंडरा दांडा टोकाला धरते. बाकीच्या पाचजणी खिळीजवळ. हवेत पाऊल हलवणं त्यांना जमतं, ६८ किलोची बाई चवड्यावर उचलणं जमत नाही.

म्हणून पाऊल हलतं का, या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबायचं नसतं. बाईंना पालथं झोपवलं, पावलं पलंगाच्या कडेबाहेर सोडली आणि उजवी पोटरी हाताने दाबली. उजवं पाऊल खाली गेलं. डावी दाबली, डावं पाऊल जागचं हललं नाही. ही तपासणी सिमंड्स यांनी १९५७ मध्ये आणि थॉम्पसन यांनी १९६२ मध्ये मांडली. तिला ना यंत्र लागतं ना पैसा, वेळ लागतो पाच सेकंद. मग दोन्ही गुडघे काटकोनात दुमडले. उजव्या पावलाचा चवडा छताच्या दिशेने थोडा ताणलेला राहिला, डावं पाऊल सैल होऊन खाली ढळलं. टाचेच्या हाडापासून वर बोट फिरवत नेलं तर चार बोटं वर बोट आत बुडत होतं. टेपने मोजली तेव्हा डावी पोटरी उजवीपेक्षा तीन सेंटिमीटर बारीक निघाली. एकेका चवड्यावर उभं राहायला सांगितलं तेव्हा उजवी टाच उचलली गेली. डावीच्या वेळी त्यांनी टेबलाची कड गच्च पकडली, अंग पुढे झुकवलं, गुडघा वाकवला. टाच फरशीवरच राहिली.

टाचेच्या कंडरेची ताजी दुखापत पहिल्या भेटीत निसटण्याचं प्रमाण चार-पाचांत एक, असं आमच्या क्षेत्रात नेहमी सांगतात, आणि त्यात पुढारलेल्या देशांतली इस्पितळंही आली. तालुक्याच्या दवाखान्यात, पहाटे, वीज नसताना ती निसटली, तर मी बोट दाखवायला बसणार नाही. शिवाय कापल्या जखमेत एक फसवी गोष्ट असते. अपघाताच्या वेळी पाऊल वर ताणलेलं असलं तर कंडरा कापली जाते एका पातळीवर. पेशंटला पालथं झोपवल्यावर पाऊल खाली पडतं आणि कंडरेची टोकं त्वचेच्या जखमेपासून दूर सरकतात, वरचं टोक तर स्नायू आखडून आणखी वर जातं. जखम उघडून पाहिली तरी तळाशी चरबीच दिसते. पोटरी दाबूनच पाहावं लागतं. राग येतो तो दोनदा परत गेल्यावर मिळालेल्या ‘अशक्तपणा’चा. एक पाय तेवढा अशक्त होत नाही.

त्या जुन्या चिठ्ठीवर सिप्रोफ्लॉक्सासिन होतं. या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही, कंडरा चिनी मातीने कापली होती. तरी सांगून ठेवतो. या गटातल्या प्रतिजैविकांनी कंडरा कमकुवत होऊन तुटू शकते, असा चौकटीतला ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्येच घातला आहे. साठीपुढच्या आणि स्टिरॉइड घेणाऱ्या माणसांत धोका जास्त.

एमआरआय केला. पाऊल काटकोनात असताना दोन टोकांमधलं अंतर सहा सेंटिमीटर, मध्ये व्रणाचा विस्कळीत पट्टा. ताजी कापलेली कंडरा असती तर दोन टोकं ओढून थेट शिवता आली असती, काम तासाभराचं. अकरा आठवड्यांत पोटरीचा स्नायू वर आखडून तिथेच राहायला शिकलेला असतो, त्यात चरबी शिरायला लागलेली असते. मधली पोकळी शरीराने भरून काढलेली असते, पण ज्याने भरलेली असते ते कंडरेसारखं दिसलं तरी कंडरेसारखं ओढत नाही; जुन्या इलॅस्टिकसारखं नुसतं लांबतं. दोन सेंटिमीटरपर्यंतची पोकळी थेट शिवून निभावते. पाचपर्यंत पोटरीवरच्या पट्ट्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखा छेद देऊन तो खाली सरकवायचा आणि वायसारखा शिवायचा. पाचच्या पुढे दुसरीकडून दोरी आणावी लागते. हे आकडे म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, पण विचार त्याच वाटेने जातो.

दुसरीकडून म्हणजे कुठून? इथे आम्ही दोन डॉक्टर आणि एक फिजिओथेरपिस्ट दोन दिवस वाद घालत होतो.

वरच्या टोकातूनच एक पट्टी सोलून, उलटी खाली वळवून पोकळीवर पूल बांधता येतो. मजबूत काम, पण त्यासाठी पोटरीच्या मध्यापर्यंत लांब छेद लागतो आणि वळवलेल्या जागी जाडसर गोळा होतो. मांडीमागची एक कंडरा काढून धाग्यासारखी ओवता येते. छेद छोटे, पण तिला स्वतःचा रक्तपुरवठा नाही आणि ओढायला तोच थकलेला पोटरीचा स्नायू. बाहेरच्या घोट्यामागची कंडरा आणली तर पाऊल बाहेर वळवण्याची ताकद कमी होते. खडबडीत रानात चालणाऱ्या माणसाचा घोटा मुरगळायला ते पुरेसं आहे.

मला हवी होती अंगठा वाकवणारी लांब कंडरा. तिच्या बाजूने बरंच काही आहे. ती टाचेच्या कंडरेच्या अगदी पुढेच, म्हणजे शेजारच्या खोलीत असते. तिचा स्नायू चालताना पोटरीच्या स्नायूबरोबरच, त्याच क्षणी आवळतो, त्यामुळे मेंदूला नवीन काही शिकवावं लागत नाही. तिची ओढ जवळपास त्याच दिशेची. आणि तिच्या स्नायूचं मांस घोट्याच्या पार खालपर्यंत उतरलेलं असतं. ते पोकळीत आणून ठेवलं की रक्ताने भरलेला एक जिवंत तुकडा तिथे येतो. टाचेच्या कंडरेचा टाचेपासून दोन ते सहा सेंटिमीटर वरचा भाग मुळातच रक्ताला गरीब, तेव्हा ही बाब लहान नाही. हॅन्सन यांनी १९९१ च्या सुमारास हे तंत्र मांडलं आणि आज जुन्या, मोठ्या पोकळीच्या पेशंटमध्ये ते बऱ्यापैकी रूढ आहे. पायाच्या दुरुस्तीत हीच रीत इतरत्रही चालते. आतल्या घोट्यामागची कंडरा झिजून पाय सपाट झाला की तिच्या शेजारची, बोटं वाकवणारी कंडरा आणून जोडतात. पाऊल वर उचलणारी तुटली तर अंगठा वर उचलणारीला बोलावतात. ज्याच्यावाचून भागेल अशाला कामाला लावायचं.

किंमत असते. अंगठ्याचं टोक वाकत नाही.

ही गोष्ट मी पेशंटला नेहमी कागदावर चित्र काढून सांगतो, कारण नंतर ‘तुम्ही सांगितलं नव्हतं’ हे ऐकायला नको. बाईंनी चित्र पाहिलं, स्वतःचा अंगठा दोनदा वाकवून पाहिला आणि म्हणाल्या, ‘अंगठा काय भाकरी थापतो व्हय डॉक्टर? घ्या तो.’

घाई मात्र मी केली नाही. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ८.९ टक्के होता. घोट्यामागची त्वचा पातळ, खाली मांसाची गादी नाही, रक्त जेमतेम. तिथली जखम चिघळणं हा या शस्त्रक्रियेतला सगळ्यात मोठा शत्रू, आणि मधुमेहात तो आणखी माजतो. अकरा आठवडे गेलेच आहेत, आणखी पाच गेल्याने पायाचं फार बिघडणार नव्हतं. चिघळल्याने सगळंच बिघडलं असतं. फिजिशियनने इन्सुलिन सुरू केलं. सरासरीचा आकडा पाच आठवड्यांत पुरता खाली येत नसतो, तेव्हा रोजची साखर आवाक्यात आली एवढ्यावर आम्ही समाधान मानलं. दिवाळीच्या तोंडावर तारीख ठरली. भाकरीच्या ऑर्डरीचा हंगाम तोच, त्यामुळे मुलगा नाराज होता. लेकीने त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण तो परत बोलला नाही.

छेद कुठे घ्यायचा, यावर मी शस्त्रक्रियेपेक्षा जास्त विचार केला. जुना व्रण आडवा होता, टाचेच्या वर, मागच्या बाजूला अर्धवर्तुळासारखा. उभा छेद त्यावरून नेला की जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथले कोपरे काळे पडायचा धोका. व्रण टाळून जावं तर आत पोचता येत नाही. शेवटी आतल्या बाजूने नऊ सेंटिमीटरचा उभा छेद घेतला, व्रणाला त्याच्या टोकाजवळ काटकोनात ओलांडला, आणि त्वचा खालच्या थरांपासून सोलून वेगळी करायची नाही असं सहकाऱ्याला बजावून ठेवलं. लांब छेद लागणारे पर्याय मी सोडले ते मुख्यतः या त्वचेपायी. धावपटूचा पाय असता तर कदाचित पूल आणि उसनी कंडरा दोन्ही केलं असतं. या बाईंना उभं राहायचं होतं, चढायचं होतं, उतरायचं होतं. शंभर मीटर पळायचं नव्हतं.

कमरेतून भूल, पालथं झोपवणं, मांडीला रक्त थांबवणारा पट्टा. निर्जंतुक कापड दोन्ही पायांभोवती लावलं, उजवा पायही उघडा ठेवला. त्याचं कारण पुढे येईल. आत व्रणाचा पांढरट, चिवट गोळा होता; तो काढल्यावर कंडरेची खरी टोकं दिसली. वरचं टोक धरून दहा मिनिटं संथपणे खाली ओढत राहिलो. ते थोडंसं आलं आणि थांबलं. पोकळी पाचच्या वरच राहिली.

मग मागचा खोल पडदा उघडला. खाली लालभडक मांस दिसलं. या पडद्याआड घोट्याच्या इतक्या जवळ मांस असलेला दुसरा कोणी नाही, तरी खात्री करायची पद्धत सोपी आहे. मी बोट त्या मांसावर ठेवलं आणि सहकाऱ्याला कापडाखालून अंगठा वरखाली करायला सांगितलं. बोटाखाली दोरी सरकली, थांबली, पुन्हा सरकली. विहिरीवर रहाट फिरावा तशी. ही कंडरा ओळखायची आणि लगेच तिच्या आतल्या बाजूला काय आहे ते आठवायचं, कारण तिथे तळपायाला जाणारी मुख्य रक्तवाहिनी आणि मज्जातंतू खेटून असतात. पुढचं सगळं काम त्यांच्याकडे पाठ करून, बाहेरच्या बाजूने. पाऊल आणि अंगठा पूर्ण खाली वाकवून कंडरा जमेल तितकी बाहेर ओढली आणि जमेल तितक्या खाली कापली. तळपायात दुसरा छेद घेऊन आणखी लांब तुकडा मिळवता येतो. मधुमेही तळपायाला मी हात लावायला तयार नव्हतो.

कापलेल्या टोकाला जाड दोऱ्याने गुंफण घातली. टाचेच्या हाडात, मूळ कंडरा जिथे चिकटते त्याच्या किंचित पुढे, सात मिलिमीटर व्यासाचा बोगदा पाडला. दोरे एका लांब तारेतून ओवून टाचेच्या तळातून बाहेर काढले आणि ओढले, तशी कंडरा बोगद्यात शिरली. आता ताण ठरवायचा. इथे हात चुकला तर बाकी सगळं बरोबर असूनही शस्त्रक्रिया फसते: कंडरा ढिली बसली तर पाय पुन्हा बिनजोराचा, जास्त ताणली तर टाच जमिनीला टेकत नाही. गणित चालत नाही. म्हणून उजवा पाय उघडा ठेवला होता. दोन्ही गुडघे दुमडले, उजवं पाऊल आपणहून जिथे झुकून राहतं तो कोन नजरेत धरला, साधारण वीस अंश खाली, आणि डावं त्याच्यापेक्षा तसूभर जास्त झुकेल एवढं ओढून बोगद्यात स्क्रू बसवला. तसूभर जास्त, कारण पुढच्या काही महिन्यांत सगळं थोडं सैलावतंच. कंडरेच्या वरच्या टोकाला उसन्या स्नायूच्या मांसाशी शिवून टाकलं, म्हणजे पोटरीत जो काही जोर उरलाय तोही कामी यावा.

त्वचेचे टाके मी स्वतः घातले. एरवी ते कनिष्ठ डॉक्टरकडे जातात.

तरीही बाराव्या दिवशी प्लास्टर उघडलं तेव्हा जिथे छेदाने जुना व्रण ओलांडला होता, नेमका तिथे अंगठ्याच्या नखाएवढा कोपरा काळा दिसला. मी ठरवलं की त्याला डिवचायचं नाही. पू नव्हता, लाली नव्हती. एक दिवसाआड ड्रेसिंग, साखरेवर करडी नजर, पाय उशीवर उंच. टाके चौथ्या आठवड्यात काढले. सहाव्या आठवड्यात खपली आपणहून गळली आणि खाली गुलाबी त्वचा होती. ते दीड महिना मला झोप नीट लागली, असं म्हणणार नाही.

पाय झुकलेल्या स्थितीत दोन आठवडे प्लास्टर, मग टाचेखाली तीन पाचरी असलेला गुडघ्याखालचा बूट. सहा आठवडे डावा पाय टेकायचा नाही, वॉकरवर उड्या. मग थोडा थोडा भार आणि दर आठवड्याला एक पाचर कमी. रक्त गोठू नये म्हणून सुरुवातीला इंजेक्शनं. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात अडलं संडासापाशी. उकिडवं बसलं की पाऊल वर ताणलं जातं, नवी जोडणी त्यावर लांबते. म्हणून चार महिने उकिडवं बसायला बंदी. ज्या पॅनने पाय कापला तोच आता वर्ज्य. मी कमोडची खुर्ची सुचवली आणि मोकळा झालो. आठ दिवसांनी लेकीचा फोन आला, की खुर्ची आणली, पण संडास तीन बाय चारचा आणि दार आत उघडतं. खुर्ची आत ठेवली की दार लागत नाही. शेवटी मुलाने दार काढून पडदा लावला आणि त्याच वेळी फुटका पॅनही बदलला. तोवर कडेला नुसतं सिमेंट थापून ठेवलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं. पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं.

फिजिओथेरपिस्ट बाई त्यांच्यावर कडक होत्या आणि ते बरंच झालं. तिसऱ्या महिन्यात बसल्या जागी टाच उचलणं, चौथ्यात ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलणं. सुरुवातीला बाई अंगठा वाकवायचा विचार करून टाच उचलत, कारण तो स्नायू आयुष्यभर अंगठ्याचा नोकर होता. काही आठवड्यांनी तसा विचार करावा लागेनासा झाला. पाचव्या महिन्यात अर्धा दिवस भाकरी सुरू. हा उसना स्नायू भार पडेल तसा पोसत जातो, एमआरआयमध्ये तो आधीपेक्षा जाड झालेला दिसतो. पण पोटरीच्या मूळ स्नायूइतका तो कधीच होत नाही, हे मी त्यांना अधूनमधून आठवण करून देत होतो.

वर्षानंतरची नोंद अशी. डावी पोटरी अजून दोन सेंटिमीटर बारीक. दोन्ही चवड्यांवर एकत्र पूर्ण उभ्या राहतात. एकट्या डाव्या चवड्यावर उठवलं तेव्हा टाच उचलली गेली, खाली माझी दोन बोटं गेली. उजव्या टाचेखाली पाच. एसटीत कंडक्टरचा हात लागत नाही. उतरताना मात्र अजून डावा पाय आधी टाकतात, म्हणजे अंग खाली सोडण्याचं काम मागच्या उजव्या पायाकडे राहतं. ओट्यापाशी सहा तास उभ्या राहतात, संध्याकाळी घोटा सुजतो.

दाराशी या वेळी मागून पट्टा असलेल्या सँडल होत्या. अंगठ्याच्या चपला कुठे गेल्या म्हणून विचारलं. लेकीला देऊन टाकल्या, म्हणाल्या. भरभर चाललं की डावी पायातून निसटते, चिखलात तर मागेच राहते. मी त्यांना चित्र काढलेला तो जुना कागद आठवून दिला, अंगठ्याबद्दल त्या तेव्हा काय म्हणाल्या होत्या तेही.

‘भाकरी न्हाई थापत,’ त्या म्हणाल्या, ‘पण चप्पल धरत होता की तो.’